चावी काढली तरी इंजिन चालूच: नव्या मेकॅनिकने आधी काय बघावं

‘चावी बंद केली तरी गाडी बंद होत नाही’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की लगेच हेडच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) नटाला पाना लावू नका. कार्बन साठतो, तापून लाल होतो, त्यावर पेट्रोल पेटतं आणि इंजिन ठिणगीशिवाय चालत राहतं, हे आयटीआयमध्ये शिकवतात आणि ते खरंच आहे. पण याच तक्रारीमागे दुसरा आजारही असतो. चावी बंद होते, ठिणगी मात्र बंद झालेलीच नसते. मी शिकलो त्या गॅरेजात हे दोन वेगळे करून कुणी सांगितलं नाही. हेड उतरायचं, कार्बन खरवडला जायचा, नवं पॅकिंग पडायचं आणि गाडी जोडल्यावर इंजिन तसंच चालू राहायचं. गिऱ्हाईकासमोर मान खाली घालून उभं राहायला लागायचं, ते अजून विसरता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न हाच: चावी बंद केल्यावर ठिणगी जिवंत आहे का?

निम्मं उत्तर कानच देतो. कार्बनवर चालणारं इंजिन धडधडतं, गचके खातं, खडखडतं, काही सेकंदांत मरतं, आणि हे सगळं गाडी चांगली तापलेली असतानाच होतं. ठिणगी जिवंत असेल तर इंजिन पूर्वीसारखंच गुळगुळीत चालतं, रेस दिली तर रेस घेतं, सकाळी थंड असतानाही तेच करतं. जुन्या कारमध्ये खात्री करायची तर चावी बंद करून इग्निशन कॉईलच्या (ठिणगीचा करंट देणाऱ्या) प्लसला टेस्ट लॅम्प लावा. लॅम्प पेटला तर करंट कुठून तरी येतोय. इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, कुणी हॉर्न नाहीतर टेपची वायर भलतीकडे जोडलीय, किंवा अल्टरनेटरचा करंट चार्जिंगच्या दिव्याच्या वायरीतून उलटा येतोय. अल्टरनेटरची ती बारीक वायर काढल्यावर इंजिन बंद पडलं तर चोर सापडला. त्या वायरीत योग्य दिशेने डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) टाकला की काम होतं.

आता खरा सापळा. इथे नीट थांबा, कारण हुशार पोरंही इथेच अडकतात. कारमध्ये चावी बंद केली की करंट तुटतो. मॅग्नेटवर चालणाऱ्या गाडीत बरोबर उलटं असतं. जुनी चेतक, लुना, ग्रास कटर, फवारणी पंप, छोटा जनरेटर, ही सगळी त्याच जातीची. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉईलवरून फिरतं आणि ठिणगीचा करंट तिथेच तयार होतो, बॅटरीची गरजच नसते. तो तोडून बंद करत नाहीत, अर्थला जोडून बंद करतात. म्हणजे स्विच ‘ऑफ’ला असताना आतून जोडलेला असतो. अर्थला जोडणारी ही वायर, म्हणजे किल वायर, तुटली, सॉकेट गंजलं किंवा अर्थचा स्क्रू सैल झाला की इंजिन मस्त चालतं, फक्त बंद होत नाही. कारच्या सवयीने तुम्ही ‘जास्तीचा करंट’ शोधत बसता, आणि इथे गेलेली असते एक जोडणी.

तपासणी सोपी आहे. सॉकेट काढा, मल्टीमीटर बझरवर घ्या, एक टोक स्विचकडच्या किल वायरला, दुसरं चेसिसला. स्विच ‘ऑफ’ला बझर वाजला पाहिजे, ‘ऑन’ला गप्प. उलटं वाटलं तरी बरोबर हेच आहे. स्कूटरला वायर बहुधा हँडलच्या मानेत तुटते, कारण तिथे ती रोज वाकते. कोकणात पावसाळ्यानंतर येणाऱ्या ग्रास कटरचं आधी सॉकेट बघा, हिरवं पडलेलं असतं. एक भेद लक्षात ठेवा: सीडीआय (ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बॅटरीवर चालत असेल तर ती बाईक कारसारखीच वागते. वायरिंग डायग्राम बघितल्याशिवाय ठरवू नका. ‘बघून शिक’ म्हणणाऱ्या उस्तादाकडून हात जरूर शिका, पण कारण न सांगणाऱ्याचा शब्द अंतिम मानू नका.

ग्रास कटरसारख्या मशिनांबाबत कडक सांगतो. किल वायर तुटलेली असेल तर स्विच ‘ऑफ’ असतानाही दोरी ओढली की इंजिन उठतं. पात्याला हात लावण्याआधी प्लगची कॅप काढून बाजूला ठेवा. चालू इंजिनची कॅप मात्र ओढू नका, झटका बसतो आणि सीडीआयही जाऊ शकतो. बंद करायचं तर चोक ओढा. नाहीतर पेट्रोल कॉक बंद करून फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) रिकामं होईपर्यंत थांबा. गिअरच्या कारला ब्रेक दाबून, टॉप गिअर टाकून क्लच हळू सोडला की इंजिन दबतं. घाबरण्यासारखं यात काही नाही.

ठिणगी मेलेली असूनही इंजिन चालत असेल तर मग कार्बनकडे वळा, पण तेव्हाही हेड शेवटी. आधी आयडल (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) बघा. ते चढवून ठेवलेलं असेल तर थ्रॉटल जरा उघडा राहतो आणि तेवढं पेट्रोल इंजिनला पुरतं. मग कार्ब्युरेटरवरचा सोलेनॉईड (चावी बंद होताच पेट्रोल अडवणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), असेल तर. चावी ‘ऑन’ केल्यावर ‘टक’ वाजला पाहिजे, आणि आयडलवर त्याची वायर काढली की इंजिन बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर स्लो जेटचं, म्हणजे आयडलला लागणारं, पेट्रोल तो अडवतच नाही. त्यानंतर कूलिंग, टायमिंग, मिक्श्चर फार पातळ आहे का ते, आणि प्लग. प्लगच्या आकड्यांत घोळ होतो: एनजीकेमध्ये मोठा आकडा थंड (उष्णता लवकर सोडणाऱ्या) प्लगचा, बॉशमध्ये लहान. कार्बन साफ करायला टाकीत ओतायच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. त्या विकून गिऱ्हाईकाला परत पाठवणं मला पटत नाही.

२०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांत चावीबरोबर पेट्रोलही तुटतं, त्यामुळे नुसत्या कार्बनवर इंजिन चालत राहू शकत नाही. तिथे रिले आणि स्विच बघा.

काम झाल्यावर गाडी थंड असताना बंद करून गिऱ्हाईकाला देऊ नका. दुपारच्या उन्हात चांगली पळवून आणा, आयडलवर थोडी उभी ठेवा आणि मग गिऱ्हाईकाच्याच हाताने चावी बंद करून घ्या.