कौन्सिलची तक्रार ओम्बड्समनकडे नेताय? या चुका टाळा

इंग्लंडात कौन्सिलशी, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेशी, भांडण झालं की आपल्या लोकांत कोणीतरी सल्ला देतंच, "अरे सरळ ओम्बड्समनकडे जा," म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र लोकपालाकडे. सल्ला चांगला आहे, फुकट आहे, वकील लागत नाही. फक्त 'सरळ' हा शब्द चुकीचा आहे. गेली काही वर्षं ओळखीच्यांच्या तक्रारी वाचून दुरुस्त करून देतोय आणि खरं सांगतो, दहातल्या आठ जणांचं तेच तेच चुकतं, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

आधी एवढं लक्षात घ्या की हा ओम्बड्समन म्हणजे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, १९७४ च्या कायद्याने आलेला, आणि फक्त इंग्लंडपुरता. वेल्स, स्कॉटलंड, नॉर्दर्न आयर्लंडची ऑफिसं वेगळी. वेल्समधल्या कार्डिफला राहणाऱ्या एकाने हा फॉर्म भरला होता, असो.

रिपोर्ट केला म्हणजे कंप्लेंट केली असं समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. ओळखीच्या एक काकू आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कचऱ्याचा बिन रस्त्यापर्यंत ओढत नेता येत नाही म्हणून कौन्सिलने त्यांना असिस्टेड कलेक्शन दिलेलं, म्हणजे गाडीवाल्यांनी दारातून बिन न्यायचा आणि रिकामा करून परत ठेवायचा. पहिले काही महिने नीट चाललं, मग क्रू बदलला आणि बिन तसाच पडून राहायला लागला. मुलगा दुसऱ्या शहरात, तो दर वेळी अ‍ॅपवर 'मिस्ड बिन' टाकायचा, दोन दिवसांनी कोणीतरी येऊन उचलायचं, रिपोर्ट क्लोज्ड, पुढच्या खेपेला परत तेच. असे सात महिने. शेवटी पोरगा चिडला आणि ३१ स्क्रीनशॉट जोडून थेट ओम्बड्समनचा फॉर्म भरला.

उत्तर आलं की कौन्सिलला तुमच्या तक्रारीचं उत्तर द्यायची संधीच मिळालेली नाही, आधी तिकडे जा. पोरगा मला फोनवर म्हणतो, "काका, हे सगळे एकमेकांना मिळालेले आहेत." मी विचारलं, तू कंप्लेंट कधी केलीस? "एकतीस वेळा केली ना!" एकदाही केली नव्हती. बिन उचलला नाही, येऊन उचला, ही झाली सर्व्हिस रिक्वेस्ट. कंप्लेंट म्हणजे, मी इतक्या वेळा सांगूनही तुम्ही हे कायमचं सुधारत नाही आहात, आता याचं उत्तर द्या. दोन्हींचे फॉर्म वेगळे, बघणारी माणसं वेगळी, आणि ३१ रिक्वेस्ट मिळून एक कंप्लेंट होत नाही.

मग नीट सुरुवात केली. स्टेज वन, म्हणजे कौन्सिलकडेच केलेल्या तक्रारीची पहिली पायरी: कौन्सिलने माफी मागितली, क्रूला सांगितलंय म्हणाले. तीन आठवड्यांनी बिन पुन्हा दारात. स्टेज टू, म्हणजे कौन्सिलमध्येच वरच्या पायरीवर फेरविचार: पुन्हा माफी. तेव्हा ओम्बड्समनकडे गेलो आणि या वेळी केस घेतली. आता गंमत बघा, एखाद्या आठवड्याला बिन राहिला यात त्यांना फार रस नव्हता, तसं कुठेही होतं. दोनदा लेखी कबूल करूनही कौन्सिलने नंतर त्या घरावर लक्षच ठेवलं नाही, हा त्यांनी दोष धरला. काकूंना माफीचं पत्र, २०० पाउंड, आणि पुढचे काही आठवडे सुपरवायझरने कलेक्शन होतंय का ते तपासायचं. हे सगळं चार-पाच महिने आधी झालं असतं.

माझी सवय सांगतो. पहिल्याच ईमेलच्या सब्जेक्टमध्ये 'स्टेज वन कंप्लेंट' असे शब्द टाकायचे, म्हणजे त्याचं रिक्वेस्टमध्ये रूपांतर करायला कोणाला जागा राहत नाही. ओम्बड्समनच्या कंप्लेंट कोडमध्ये, म्हणजे कौन्सिलने तक्रारी कशा हाताळाव्यात याच्या नियमांत, पहिल्या स्टेजला १० आणि दुसऱ्या स्टेजला २० कामाचे दिवस धरलेत, कॅलेंडरमध्ये मार्क करून ठेवा. कौन्सिल नुसती झुलवत बसली, उत्तरच देत नसली, तर मात्र स्टेज टू संपायची वाट बघू नका, तसं लिहून पुढे जा.

निर्णय आवडला नाही म्हणून जाणं

ही दुसरी. एका मित्राच्या शेजाऱ्याला मागे एक्स्टेन्शन बांधायची परवानगी मिळाली. मित्राचं म्हणणं, आमच्या किचनमधला उजेड गेला, परवानगी रद्द करा. तक्रार किती पानी? चाळीस! त्यातली बरीचशी चॅटबॉटकडून लिहून घेतलेली, मानवी हक्कांपासून सगळी कलमं, आणि किचनच्या खिडकीचा उल्लेख डायरेक्ट पान सतरावर. मी म्हटलं, हे कमी कर. नाही, घाई होती त्याला.

ओम्बड्समन हा अपील कोर्ट नाही हो. परवानगी रद्द करायचा त्याला अधिकारच नाही. निर्णय बरोबर की चूक हे तो बघत नाही, निर्णय घेताना कौन्सिलने काही चुकवलं का ते बघतो, आणि चुकवलं असेल तर त्यामुळे तुमचं काय नुकसान झालं ते. फॉल्ट आणि इनजस्टिस, दोन्ही लागतात. मित्राच्या केसमध्ये कौन्सिलचा ऑफिसर जागेवर येऊन गेला होता, रिपोर्टमध्ये मित्राची हरकत नोंदवून त्यावर दोन परिच्छेद लिहिले होते. विचार केला, पटलं नाही, परवानगी दिली. दोष नाही, केस बंद. तीच हरकत रिपोर्टमध्ये आलीच नसती तर बोलायला जागा होती, पण तिथेही पुढचा प्रश्न येतोच, हरकत वाचली असती तर निर्णय बदलला असता का? नसता, तर हाती फार तर माफीचं पत्र.

म्हणून मी कोणाचीही तक्रार हातात घेतली की आधी एक पान मागतो, त्यात तीनच गोष्टी. काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि त्यामुळे मला काय भोगावं लागलं. तिसरं लोक हमखास विसरतात. राग सगळा लिहितात, नुकसान लिहीत नाहीत. आणि हो, ओम्बड्समनचे जुने निर्णय नावं काढून त्यांच्या साइटवर असतात, तुमच्यासारख्याच केसचे पाच-सहा आधी वाचा, अर्ध्या अपेक्षा तिथेच जमिनीवर येतात. मनस्तापाबद्दल शिफारस होते ती साधारण ५०० पाउंडांपर्यंत, दहा हजाराची स्वप्नं बघू नका. ऑफिसरला नोकरीवरून काढा ही मागणी तर लिहूच नका, ते त्यांच्या हातात नाही.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत जायचं असतं. सबळ कारण असेल तर सूट मिळते, पण "वेळ नव्हता" हे सबळ कारण नाही.

पार्किंगचा दंड, शाळेच्या स्पेशल नीड्सच्या प्लॅनमधला मजकूर, कौन्सिल टॅक्सचा बँड (घराच्या किमतीवरून ठरणारा कराचा गट) यांना अपील ऐकणारी ट्रायब्युनल आहेत, तिकडे जा. कौन्सिलच्या घरात भाडेकरू आहात आणि दुरुस्ती होत नाही? तो हाउसिंग ओम्बड्समन, वेगळा माणूस. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे अगदी गावपातळीवरच्या कौन्सिलच्या, तक्रारी आपला हा लोकल गव्हर्नमेंट ओम्बड्समन घेत नाही.

टॅक्स वाढवला, लायब्ररी बंद केली, म्हणजे जे सगळ्या गावाला लागू आहे, त्यावर तक्रार चालत नाही.

"ते काम काँट्रॅक्टरचं आहे" असं कौन्सिल म्हणाली म्हणून गप्प बसू नका. काँट्रॅक्ट दिलं तरी जबाबदारी कौन्सिलचीच राहते.

खासदारामार्फत जावं लागतं, ही भानगड केंद्र सरकारच्या खात्यांच्या ओम्बड्समनची आहे, इथे थेट जाता येतं. एकाच ईमेलमध्ये खासदार, नगरसेवक, ओम्बड्समन आणि तीन पेपर सीसी करणाऱ्यांना तर मी हल्ली मदतच करत नाही, कारण अशा ईमेलला प्रत्येक जण दुसरा उत्तर देईल म्हणून सोडून देतो.

शेवटचं, ड्राफ्ट डिसिजन. चौकशी झाली की अंतिम निर्णयाआधी मसुदा तुम्हाला आणि कौन्सिलला दोघांनाही पाठवतात आणि काही दिवस देतात. लोक तो वाचून भडकतात आणि "हे आम्हाला मान्य नाही" एवढंच कळवतात. अरे, हीच तर तुमची शेवटची चांगली संधी आहे, मसुद्यातला परिच्छेद नंबर घालून लिहा की इथे तारीख चुकलीय, हा ईमेल बघितलेला दिसत नाही, सोबत जोडतोय. काकूंच्या मसुद्यात कौन्सिलच्या एका 'व्हिजिट'ची तारीख होती, त्या दिवशी काकू हॉस्पिटलमध्ये होत्या आणि घराला कुलूप. अपॉइंटमेंटचं पत्र जोडून पाठवलं, अंतिम निर्णयात ते वाक्य नव्हतं.