जुन्या रिळाचा ड्रॅग बदलताय? मग या चुका टाळा

पेन कंपनीचं सिनेटर हे गरवण्याचं रीळ बाजारात आलं १९३६ साली. त्याच्या चार वर्षं आधी ऑटो हेन्झे यांनी फिलाडेल्फियात ही कंपनी सुरू केली होती. ड्रॅग म्हणजे मासा जोरात ओढू लागला की दोरा ठरावीक ताणाने सुटू देणारा ब्रेक, आणि स्टार म्हणजे तो आवळायची हँडलजवळची चांदणीसारखी चकती. स्टार ड्रॅगच्या त्या रिळाची मूळ रचना पुढच्या अनेक दशकांत फारशी बदलली नाही. त्यामुळे माळ्यावर पडलेलं, क्रोम उडालेलं एखादं ११३एच मॉडेलचं सिनेटर आजही उघडून, साफ करून, नवे वॉशर घालून पुन्हा समुद्रावर नेता येतं. मुंबईपासून गोव्यापर्यंत गरवणाऱ्यांकडे अशी जुनी रिळं असतात. कुणी आखातातून परतताना आणलेली, कुणी जहाजावर नोकरी केलेल्या नातलगाकडून मिळवलेली. त्यांचा ड्रॅग धरेनासा झाला की कार्बन फायबरचे वॉशर टाकावेत, हा विचार अगदी बरोबर आहे. पेनचे स्वतःचे एचटी-१०० किंवा कार्बनटेक्सचे वॉशर या रिळांसाठी मिळतात आणि काम एका दुपारचं आहे. गडबड होते ती पुढे, कारण बहुतेक जण वॉशर बदलतात आणि बाकीचं रीळ आहे तसंच ठेवतात.

जास्त किलोंचा मोह

नवे वॉशर टाकायचे ते ड्रॅग एकसारखा सुटावा म्हणून. जुना फायबरचा वॉशर वर्षानुवर्षं दाबला जाऊन चकाकतो, खारं पाणी आणि झिरपलेलं तेल पितो, मग कधी धरतो, कधी सोडतो. सुरमईने आमिष घेतल्यावर पहिली धाव अशी येते की तेवढ्यात ड्रॅग क्षणभर जरी अडकला, तरी तंगूस (गरवायचा नायलॉनचा दोरा) तुटतो किंवा गरी तोंड फाडून बाहेर येते. कार्बन फायबरचा खरा गुण इथे दिसतो. थांबलेल्या स्थितीतून सुटताना तो झटका देत नाही, आणि लांब धावेत तापला तरी त्याची पकड फारशी बदलत नाही.

पण त्याच वॉशरवर स्टार आणखी आवळला की जुन्या ड्रॅगपेक्षा कितीतरी जास्त ओढ मिळते, आणि मग ती वापरायचा मोह होतो. हा भार कुठे जातो ते बघा. मासा ओढतो तेव्हा दोरा गुंडाळलेलं स्पूल फिरतं, त्याने पिनियन हा लहान गिअर फिरतो, त्याने मेन गिअर फिरतो. हँडल बसलेली गिअर स्लीव्ह, म्हणजे मेन गिअरच्या मधोमध असलेली नळी, मात्र उलटी फिरता कामा नये, म्हणून तिच्या तळाच्या दात्यांत एक छोटा खटका अडकलेला असतो. त्याला डॉग म्हणतात. ड्रॅगचा सगळा भार शेवटी त्या नखाएवढ्या डॉगवर येतो, आणि तो दात्यात बसलेला राहतो एका बारीक स्प्रिंगच्या जोरावर. स्प्रिंग गंजून तुटली किंवा डॉगची धार गोल झाली, की भर लढाईत हँडल उलटं गरगरतं. बोटं फुटतात. हा इशारा कुणीही हसण्यावारी नेऊ नये.

म्हणून वॉशर मागवताना डॉग आणि त्याची स्प्रिंग त्याच वेळी मागवा. दोन्ही मिळून खर्च किरकोळ असतो. जुना डॉग भिंगाखाली धरा. दात्यात बसणारी कड तीक्ष्ण आणि सरळ दिसली पाहिजे. तीच तपासणी स्लीव्हच्या तळाच्या दात्यांची करा. स्लीव्हच्या अंगावर दोन्ही बाजूंनी सपाट कापलेले भाग असतात, ज्यांत वॉशर अडकतात. ते कडेला गोलावले असतील तर जास्त ओढीत वॉशर तिथे घसरायला लागतात. पितळी स्लीव्ह असेल तर ती बदलून स्टेनलेसची घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ओढ किती ठेवायची? तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश, हा जुना आणि टिकलेला हिशेब. ३० पौंडी तंगुसाला साडेतीन ते साडेचार किलो पुरे. खडपातल्या बिळात घुसणाऱ्या गोब्र्याला पहिल्या दोन वावांत अडवायचं म्हणून काही जण जुन्या रिळाकडून याच्या दुप्पट मागतात. या रिळांच्या साइड प्लेट कठीण प्लॅस्टिकच्या, चौकट पोकळ खांबांवर उभी. एवढ्या भाराखाली ती पिळते, मग गिअरचे दाते एकमेकांना अर्धेच लागतात आणि झिजतात. अशा मासेमारीसाठी एकसंध ॲल्युमिनियमच्या चौकटीचं रीळ घ्यावं. वडिलांचं सिनेटर सुरमईला आणि गेदरीला ठेवावं, तिथे ते आजही कमी पडत नाही.

उघडताना

साइड प्लेटच्या पितळी स्क्रूंची खाच मऊ असते. घरातला कुठलाही पेचकस लावला की ती फाटते आणि मग ड्रिल मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही. खाचेत घट्ट बसणारं पातं वापरा. हिरवट गंज दिसत असेल तर आदल्या रात्री झिरपणारं तेल लावून ठेवा. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. जाड कागदावर प्लेटचा गोल काढून ज्या त्या जागी स्क्रू टोचून ठेवले की घोटाळा होत नाही. आणि प्लेट झटक्यात उचलू नका, डॉगची स्प्रिंग तेव्हाच उडते. काम मोठ्या ताटात किंवा पांढऱ्या कापडावर करा.

जुने वॉशर काढताना एक पथ्य. जुन्या काळी घर्षणाच्या वस्तूंमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जाई. तुमच्या वॉशरमध्ये ते आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही. त्यामुळे जुना फायबर सँडपेपरवर घासून ‘पुन्हा चालू’ करण्याचा उद्योग करू नका, वाऱ्याने फुंकूही नका. ओल्या कापडाने पुसून काढा, पिशवीत बांधून टाका. फार जुन्या रिळांत चामड्याचे वॉशर निघतात, तेही खुशाल बदला.

धातूचे वॉशर तसेच ठेवणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि ती होते कारण किटमध्ये फक्त काळे कार्बनचे वॉशर येतात. ड्रॅग म्हणजे एकाआड एक थर. कार्बन गुळगुळीत असून काय उपयोग, जर त्याला लागलेला धातूचा वॉशर गंजाने खडबडीत झालेला किंवा वाकलेला असेल? प्रत्येक धातूचा वॉशर आरशाच्या किंवा खिडकीच्या काचेवर ठेवून कडेला बोटाने दाबा. डुगडुगला तर तो वाकलाय. वाकलेला वॉशर ठोकून सरळ करू नका, नवा घ्या. सपाट पण डागाळलेला असेल तर काचेवर बारीक वॉटर पेपर ओला करून ठेवा आणि त्यावर वॉशर गोल गोल फिरवा. दोन्ही बाजू. बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत. शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

थरांचा क्रम इथेच नीट समजून घ्या. मेन गिअर वाटीसारखा खोल असतो. तळाला कार्बन. त्यावर मधल्या भोकाला सपाट कडा असलेला धातूचा वॉशर, जो स्लीव्हला अडकतो. त्यावर कार्बन. त्यावर बाहेर कान असलेला वॉशर, जो गिअरच्या खाचांत बसतो. पुन्हा कार्बन, आणि मग पुन्हा स्लीव्हला अडकणारा. थर कितीही असले तरी एक स्लीव्हचा, एक गिअरचा, हा फेर मोडायचा नाही. दोन एकाच जातीचे लागोपाठ बसले की त्यांच्यामधला कार्बन घर्षणच करत नाही, दोन्हीबरोबर नुसता फिरतो. किंवा दोन्हीबरोबर थांबून राहतो. स्टार कितीही आवळा, ड्रॅग पुरेसा धरत नाही.

आणखी एक वॉशर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. तो गिअरच्या पोटात नसतो, गिअरच्या खाली, स्लीव्हच्या तळाशी असतो. तोही घर्षण करतो. तो जुना, तेल प्यायलेला तसाच ठेवला तर वरचे सगळे थर नवे असूनही ड्रॅग गचके देतो. त्याची जाडी मात्र मूळ वॉशरइतकीच हवी. जाड टाकला तर गिअर वर उचलला जातो आणि पिनियनला पुरा लागत नाही.

वरचा कमानदार वॉशर कसा बसला होता याचा फोटो काढून ठेवा. काही रिळांत असे दोन असतात. त्यांची पोटं एकमेकांकडे असतील तर स्टार जरा फिरवल्यावर ओढ हळूहळू वाढते. दोन्ही एकाच दिशेने बसवले तर ताठरपणा वाढतो आणि स्टारच्या थोड्याशा हालचालीत ड्रॅग एकदम आवळला जातो.

ग्रीस

कार्बनचे वॉशर कोरडेही चालतात, पण आपल्या दमट, खाऱ्या हवेत मी कोरडे ठेवण्याच्या विरोधात आहे. पातळ थर दिला तर पाणी आत शिरत नाही, धातूचे वॉशर गंजत नाहीत आणि सुटतानाचा झटका आणखी कमी होतो. ग्रीस मात्र ड्रॅगचंच हवं. कॅल्स किंवा शिमानोचं ड्रॅग ग्रीस चालतं. मोटारसायकलच्या चाकाला लावतात ते ग्रीस तापल्यावर पातळ होतं, थंड झाल्यावर चिकट, आणि दर वेळी ड्रॅग वेगळा लागतो. प्रमाण म्हणाल तर पोळीला तूप फिरवतात तेवढं. विणीत मुरू द्या आणि वर उरलेलं फडक्याने पुसून काढा. डब्ल्यूडी-४० सारखं फवाऱ्याचं तेल ड्रॅगच्या आसपासही मारू नका. ते आत झिरपतं, ग्रीस धुऊन काढतं आणि महिन्याभरात ड्रॅग परत होता तसा.

बाकीच्या भागांना, म्हणजे ब्रिज (गिअर स्लीव्ह धरून ठेवणारी आतली धातूची पट्टी), स्क्रू, प्लेटची आतली बाजू यांना, बोटीसाठीचं जलरोधक ग्रीस द्या. डॉगला ग्रीस थापू नका. तो चिकटला तर वेळेवर पडत नाही. त्याला तेलाचा एक थेंब पुरे.

बसवलं, तरी नीट चालत नाही

स्टार खाली प्लेटला टेकतो आणि तरी ड्रॅग सैलच? थरांची एकूण उंची कमी पडतेय. कार्बनचे वॉशर जुन्या फायबरपेक्षा पातळ असतील तर हे होतं. वरच्या धातूच्या वॉशरवर एक पातळ स्टेनलेसचा शिम, म्हणजे भरीची चकती, टाका. उलट स्टार पूर्ण सोडूनही ड्रॅग मोकळा होत नसेल, तर उंची जास्त झाली आहे किंवा एखाद्या वॉशरचे कान खाचेत न बसता कडेवर अडकलेत. आधी कान तपासा, कारण तसंच आवळलं तर वॉशर वाकतो.

ओढताना एका फेरीत एकदाच गचका बसत असेल तर वाकलेला वॉशर. सतत खरखर असेल तर मिठाचा कण किंवा घाण. हँडल जड फिरतंय? ब्रिजचे स्क्रू एकेक करून ढिले करून बघा, ब्रिज तिरका बसलेला असू शकतो.

आणि एक फसवा प्रकार. ड्रॅग सुटतोय असं वाटतं, आवळला तरी सुटतच राहतो. स्पूलवर मार्करने खूण करा आणि दोरा ओढा. खूण जागेवर आणि दोरा सरकतोय, तर दोष ड्रॅगचा नाहीच. गुळगुळीत स्पूलवर थेट ब्रेड (विणलेला दोरा) गुंडाळली की अख्खा गठ्ठा स्पूलभोवती फिरतो. तळाला काही वेढे तंगुसाचे द्या, मग ब्रेड. जुन्या प्लॅस्टिकच्या स्पूलवर मात्र सगळा तंगूस ताणून भरू नका. नायलॉन आकसतो आणि अशी स्पूलं त्या दाबाने तडकतात.

काटा लावा

हाताने ओढून ‘बरोबर वाटतंय’ म्हणणं सोडून द्या. सामान तोलायचा लटकता काटा दोऱ्याला बांधा, दांडा मासा लागल्यावर धरतो तसा वाकवून धरा आणि दुसऱ्याला सावकाश ओढायला सांगा. दोन आकडे बघायचे: दोरा सुटायला लागतो तो क्षण, आणि सुटत असतानाचा. दोन्हींत फरक जितका कमी तितकं काम चांगलं झालं. दांड्यातून मोजलेला आकडा थेट रिळाजवळ मोजलेल्यापेक्षा जास्त येतो, कारण कड्यांचं घर्षण त्यात मिळतं. माशाला तोच लागतो, तोच धरा.

स्पूल भरलेलं असताना मोजलेली ओढ ते रिकामं होत जाताना तशीच राहत नाही. समजा दोऱ्याचा गोल ६० मिलिमीटर व्यासाचा असताना ४ किलो लावले. मासा लांब गेला, गोल ४० मिलिमीटरवर आला. स्टारला हातही न लावता आता ओढ ६ किलो झाली. शिवाय पाण्यात पसरलेल्या दोऱ्याचा विरोध वेगळाच. अशा वेळी घाबरून स्टार आणखी आवळणारे पुष्कळ मासे घालवतात. अर्धं स्पूल गेलं की स्टार थोडा सोडायचा असतो.

समुद्रावरून आल्यावर रीळ धुताना स्टार आवळून ठेवा, म्हणजे थरांत पाणी शिरत नाही. गोड्या पाण्याची हलकी धार पुरते. नळी दाबून मारलेला जोराचा फवारा मीठ आत ढकलतो. पुसून झालं की स्टार पूर्ण सोडा आणि रीळ तसंच सैल ठेवून द्या. १ जूनला यांत्रिक बोटींची बंदी लागली की पुढच्या हंगामाआधी रीळ उघडून डॉगची स्प्रिंग आणि ग्रीस बघायला निवांत वेळ मिळतो.