१६ इंची डॉब घ्यायचीय? आधी गाडीचा दरवाजा मोजा

डॉब म्हणजे डॉब्सोनियन, साध्या बैठकीवर हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण. ती मोठी घ्यायची म्हटलं की लोक आधी आरशाचे इंच विचारतात, मी आधी विचारतो कितव्या मजल्यावर राहता आणि लिफ्ट केवढी आहे. दोन इंच जाड पायरेक्सचा १६ इंची आरसा एकटाच १४-१५ किलो भरतो, त्याच्यावर मिरर बॉक्स (आरसा बसतो ती पेटी), खालचा रॉकर बॉक्स (दुर्बीण फिरते ती बैठक), वरची रिंग, ती तोलणारे आठ पोल, आयपीसची (डोळा लावायच्या भिंगांची) पेटी, बॅटरी. ८ इंचीच्या चौपट प्रकाश मिळतो हे खरंय, पण तो चौपट प्रकाश दर वेळी जिन्यावरून खाली उतरवायचा असतो. म्हणून पैसे भरायच्या आधी एक करा, मिरर बॉक्सच्या मापाचं (१६ इंचीचा साधारण २०-२२ इंच रुंद असतो) पुठ्ठ्याचं खोकं बनवा आणि ते गाडीच्या मागच्या दारातून, डिक्कीतून, लिफ्टमधून घालून बघा. अडकलं तर १२ इंची घ्या आणि सुखी राहा. चाकं आणि लाकडी रॅम्प जमत असेल तर मोठीचा विचार करायला हरकत नाही.

दुसरं माप उंचीचं. १६ इंची एफ ४.५ ची फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमेपर्यंतचं अंतर) व्यासाच्या साडेचारपट, १८३० मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे दुर्बीण सरळ डोक्यावर केली तरी बहुतेकांना आयपीसपर्यंत उभ्यानं पोचता येतं, फार तर एक पाट लागेल. २० इंची एफ ५ घेतलीत तर शिडी आलीच, आणि रात्री दोन वाजता अंधारात शिडीवर चढून एका डोळ्यानं गॅलेक्सी बघायची हौस कितीजणांना झेपते ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर आपल्याकडे १६ इंची हीच वरची मर्यादा, अपवाद फार्महाऊसवाले.

साईटवर उजेडी पोचा. जमीन सपाट बघा, रॉकर बॉक्स डुगडुगत नाही ना बघा, मग मिरर बॉक्स, पोल, रिंग. पोलांना नंबर टाकून ठेवा आणि रोज त्याच जागी लावा, कोलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) जवळपास तसंच राहतं. सूर्य मावळेपर्यंत आरशावरचं झाकण काढायचं नाही, आणि सकाळी थकून झोपायच्या आधी परत लावायचं, उघडा १६ इंची आरसा उन्हात राहिला तर काहीतरी पेटू शकतं, हे गमतीनं सांगत नाहीये. झाकण काढलं की मागचा पंखा सुरू करा. दिवसभर गाडीत तापलेली जाड काच हिवाळ्यात जुन्नर-भंडारदऱ्याकडे हवेइतकी थंड व्हायला तास-दीड तास सहज घेते, तोवर गुरू उकळत्या पाण्यात पडल्यासारखा दिसेल. त्यात दुर्बिणीला दोष देऊ नका, तोवर जेवून घ्या.

आता कोलिमेशन, ज्याला सगळे घाबरतात. एफ ४.५ ला मधला कोमामुक्त (तारे शेपटीसारखे न पसरणारा) भाग जेमतेम २ मिलीमीटरचा, म्हणून रोज करायचंच, पण सवय झाली की पाच मिनिटांचं काम आहे. आधी घरी एकदा कोलिमेशनचा लेझरच तपासा: फळीवर खिळे ठोकून लेझर त्यांच्यावर आडवा ठेवा, पाच-सहा मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा आणि लेझर जागेवरच गोल फिरवा. ठिपका जागचा हलला नाही तर ठीक, गोल काढायला लागला तर आधी लेझर सरळ करा, नाहीतर वाकड्या पट्टीनं रेघ मारणं चाललंय. मग साईटवर लेझर फोकसरमध्ये (आयपीस बसतो त्या नळीत) घाला आणि सेकंडरीचे (वरच्या छोट्या तिरप्या आरशाचे) स्क्रू फिरवून ठिपका मोठ्या आरशाच्या मधल्या रिंगमध्ये आणा. हे करताना दुर्बीण आडवी करा आणि ॲलन की दोरीनं मनगटाला बांधा, कारण नळी उभी असताना की हातातून सुटली तर सरळ आरशावर. प्राथमिक (खालच्या मोठ्या) आरशासाठी परत येणाऱ्या ठिपक्यावर फार विसंबू नका, लेझर फोकसरमध्ये जरा सैल बसला तरी तो फसवतो. त्यापेक्षा लेझर बार्लोमध्ये (प्रतिमा मोठी करणाऱ्या जोडभिंगात) घालून लावा, मधल्या रिंगची सावली लेझरच्या तोंडावर पडते ती मधोमध आणा. एकानं फोकसरपाशी बघायचं, दुसऱ्यानं मागचे स्क्रू फिरवायचे, "थोडं अजून, अजून, बास, मागे मागे" असं चालतं. सेकंडरी झाली की नळी ४५-५० अंशांवर नेऊन हा शेवटचा भाग करा कारण पोल थोडेफार वाकतातच, आणि गारठा वाढल्यावर एकदा परत बघा.

आयपीस तीन चांगले पुरतात. २४ मिलीमीटरचा शोधायला, १३ चा गॅलेक्सींसाठी (१४१ पट), ७ चा ग्रहांसाठी आणि हवा शांत असेल तेव्हा गोलाकार तारकागुच्छांसाठी. ३१ चा महागडा घेऊ नका, त्यातून ७ मिलीमीटरचा प्रकाशझोत बाहेर येतो आणि चाळिशीनंतर बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली तेवढी उघडत नाही. ७ च्या आयपीसमध्ये तारा मिनिटभरात फील्डबाहेर (दिसणाऱ्या वर्तुळाबाहेर) जातो, तेव्हा हलकं ढकलत राहायची सवय लावून घ्या, बैठकीतलं टेफ्लॉन आणि लॅमिनेट नीट असेल तर बोटानं सरकते.

आपल्या अक्षांशाची एक गंमत. कन्येतल्या गॅलेक्सी महाराष्ट्रातून जवळपास डोक्यावरून जातात, आणि नेमकी तिथेच डॉब आडवी-आडवी फिरवायला वैताग देते, थोडंसं डावीकडे न्यायचं तर अख्खी दुर्बीण गरकन फिरवावी लागते. म्हणून मार्कारियनची साखळी (कन्येतल्या गॅलेक्सींची रांग) मध्यमंडलावर, म्हणजे डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर, यायच्या दोनेक तास आधी किंवा नंतर बघा. मधल्या वेळात दक्षिणेकडे वळा: ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ पुण्यातून २४ अंशांपर्यंत चढतो, मेच्या मध्यात रात्री दहाच्या सुमारास, इंग्लंडवाल्यांना तो घरबसल्या कधीच दिसत नाही. १६ इंचीत तो पूर्ण फील्डभर सुट्या सुट्या ताऱ्यांचा दिसतो, नवीन माणसाला आधी तोच दाखवा, एम ५१ या सर्पिल गॅलेक्सीचे हात नंतर, त्यांना अंधारही हवा आणि बघायची सवयही.

दवाचं मात्र आधीच बघा. उघड्या पोलांच्या दुर्बिणीत सेकंडरी सगळ्यात आधी धुरकट होते, तिच्या मागे छोटा हीटर आणि १२ व्होल्टची बॅटरी लागतेच, आणि काळ्या लायक्राचा आच्छादनाचा कपडा शिवून घ्या. आरसा कपड्यानं पुसायचा नाही, कधीच नाही. घरी आल्यावर ओला आरसा झाकून ठेवू नका, आधी पंख्याखाली सुकू द्या. धूळ दिसली म्हणून लगेच धुवायला बसू नका, वर्षातून एकदा पुरे: नळाच्या पाण्याची धार, थेंबभर भांडी घासायचं लिक्विड घातलेल्या पाण्यात कापूस नुसता तरंगवत फिरवायचा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर, आणि उभा ठेवून सुकवायचा. कोकणात, मुंबईत, गोव्यात खारी हवा ॲल्युमिनियमचा थर लवकर खाते, तिथे रीकोटिंगचे पैसे बाजूला ठेवाच. जूनला आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट, आणि जेलचा रंग बदलला की भाजून परत टाकायचं, नाहीतर गणपतीपर्यंत काचेवर बुरशीचे धागे धरतात आणि ते कोटिंगसकटच निघतात.