पॉलिमर फिजिक्सला नव्याने येताय? आधी गडग्यातलं जनावर आठवा

राजापूरजवळच्या आमच्या घराला जांभ्याचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणाची भिंत आहे, पावसाच्या तोंडावर त्यात धामण शिरायची आणि आजी ओरडायची, "जनावर गेलं रे आत!" मी तिथेच बघत बसायचो. डोकं ज्या फटीतनं वळलं त्याच फटीतनं सगळं अंग मागोमाग, आडवं सरकायला जागाच नाही.

एमएस्सीला रेप्टेशन, म्हणजे गुंत्यात अडकलेल्या पॉलिमर साखळीचं सरपटणं शिकलो तेव्हा हेच आठवलं. शब्दच मुळात लॅटिनमधल्या सरपटण्यावरनं आलाय. वितळलेल्या प्लॅस्टिकमधले लांब साखळीसारखे रेणू, म्हणजेच पॉलिमरच्या साखळ्या, ताटातल्या शिरवाळ्यांसारख्या गुंतलेल्या असतात, एकीला दुसरीच्या आरपार जाता येत नाही, म्हणून सॅम एडवर्ड्स या भौतिकशास्त्रज्ञाने 1967 मध्ये साखळीभोवती नळी कल्पिली, आणि 1971 मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ द जेनने सांगितलं की अडथळ्यांच्या जाळ्यात अडकलेली साखळी आपल्याच लांबीच्या दिशेने सरपटत सुटते. त्याला 1991 चं नोबेल मिळालं.

नवीन असाल तर पुस्तकातली मोठी समीकरणं बाजूला ठेवा आणि हे हाताने करा. साखळीत एन कड्या, घर्षण एनच्या पटीत, नळीची लांबीही एनच्या पटीत. लांबीचा वर्ग करून त्याला घर्षणाने गुणा, नळीतनं पूर्ण बाहेर पडायला लागणारा वेळ एनच्या घनाच्या पटीत येतो. म्हणजे साखळी दुप्पट केली की वेळ आठपट! वितळलेल्या प्लॅस्टिकचा चिकटपणाही या वेळेच्याच पटीत वाढायला हवा, पण प्रयोगात त्याचा घातांक 3 नाही, साधारण 3.4 येतो, कारण साखळीची टोकं नळीत आतबाहेर होत असतात. रँडम वॉक, म्हणजे दर पावलाला दिशा नशिबावर सोडलेली चाल, मात्र आधी पक्का करा, वरचा लांबीचा वर्ग तिथूनच येतो, त्याशिवाय यातलं काही कळणार नाही.

माझे दोन महिने एका ठिकाणी गेले. मी धामणीसारखीच साखळी पुढे पुढे जाते असं धरून बसलेलो. पण धामणीला स्नायू आहेत, उंदीर पकडायचाय, साखळीकडे फक्त उष्णतेची थरथर, तिला डोकं-शेपटी असं काही नसतंच, एक पाऊल इकडे, दोन तिकडे. हे कळल्यावर पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला, एका टोकाची कडी काढायची, दुसऱ्या टोकाला कुठल्याही दिशेने लावायची, कुठलं टोक ते नाणेफेकीने. जुन्या नळीतनं पूर्ण बाहेर पडायला लागलेली पावलं आणि एन यांच्या लॉग-लॉग ग्राफचा उतार 3 ऐवजी 2 आला, मी कोडमध्ये चूक शोधत राहिलो. चूक नव्हतीच. प्रोग्रॅममध्ये अख्खी साखळी एका पावलात सरकते, खऱ्या साखळीत तेवढ्याला एनपट घर्षण लागतं, तो एन आपण वेगळा गुणायचा. माझ्या मते रेप्टेशन डोक्यात बसवायला याहून चांगला व्यायाम नाही, लॅपटॉपवर एका संध्याकाळी होतो.

जमलं की ताऱ्यासारखी साखळी घ्या, तीन हात मध्ये जोडलेले. ती सरपटू शकत नाही, प्रत्येक हाताला मागे पार मध्यापर्यंत आखडावं लागतं, आणि हात लांब होईल तसा वेळ घातांकी वाढतो. तो का वाढतो हे आधी कागदावर मांडून बघा, मगच पुस्तक उघडा.