छोट्या गादीवाफ्यात काढणी आणि नवी लागण

वाफा पूर्ण रिकामा होऊ द्या, मग सगळा खणून नवं लावा, हा सल्ला मोठ्या शेताला ठीक. हात पोचेल एवढ्या गादीवाफ्यात, म्हणजे जमिनीपासून उंच केलेल्या वाफ्यात, त्यापायी जागा उगाच पडून राहते. इथे एक झाड निघालं की तेवढीच जागा भरायची, म्हणजे सतत नांग्या भरत राहायच्या.

काढणी सकाळी, पानं ताठ असताना. पालक, मेथी मातीपासून चार-पाच सेंमी ठेवून कापली की पुन्हा फुटते. भेंडी, काकडी जून होऊ देऊ नका. झाडाची ताकद बिया पोसण्यात जाते आणि नवी फळं कमी धरतात. मुळा, गाजर उपटा.

संपलेलं झाड मात्र उपटू नका, शेजारच्या झाडाची मुळं हलतात. बुंध्याशी बोटभर माती उकरून आधी मुळं बघा. घेवडा, वाटाणा यांच्या मुळांना चिकटलेल्या बारीक गोळ्या नखाने सहज सुटतात, ताज्या असतील तर आतून गुलाबी दिसतात. त्या नत्र धरणाऱ्या जिवाणूंच्या, राहू द्या. टोमॅटो, वांगी, भेंडीचं मूळच जागोजाग सुजलेलं असेल आणि गाठ सुटत नसेल, तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे कृमी. अशी मुळं शोधून काढा आणि खताच्या ढिगावर अजिबात टाकू नका. एरवी बुंधा मातीलगत कापा, मुळं आत कुजतील.

वाफा खाली बसलेला असेलच. दोन बोटं जाडीचं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट पसरा. हाताला गरम लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल तर ते तयार नाही.

आता लागण. माझी सगळ्यात जास्त रोपं इथेच गेली आहेत, आणि ‘भरपूर पाणी घाला’ या सल्ल्याने त्यात भरच पडली. ट्रेमधल्या रोपाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा गोळा, बहुधा कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) असते. ती एकदा सुकली की भोवतालची माती ओली असूनही पाणी ओढत नाही, आणि रोप ओल्या वाफ्यात तहानेने माना टाकतं. म्हणून लावण्याआधी हुंडी पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर बोटांनी सोडवा. वाफा वाफशावर हवा: मुठीत दाबलेली माती गोळा व्हावी आणि टिचकीने फुटावी. चिखलात लावलं की माती आवळून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही.

हुंडीचा माथा उघडा ठेवू नका. वर अर्धा सेंमी माती हवीच, नाहीतर कोकोपीट वातीसारखं ओल वर ओढून वाळतं. टोमॅटो खालच्या पानांपर्यंत गाडा, खोडालाही मुळं फुटतात. लेट्यूसचा गड्डा मात्र मातीखाली गेला की कुजतो. कडेने बोटांनी दाबा, बुंध्याशी पाणी द्या, ते मुरलं की पुन्हा द्या. मग एक पान हलकेच ओढून बघा. रोप वर आलं तर लागण सैल झाली आहे, परत दाबा.

हे सगळं ऊन कललं की करायचं. दोन-तीन दिवस सावली द्या, आणि नवं पान फुटेपर्यंत वरखत (लागणीनंतर वरून द्यायचं खत) नाही, कुणी काहीही सांगो.

टोमॅटोच्या जागी वांगी, मिरची, बटाटा नको. कुळी एकच, रोगही बरेचसे तेच. त्या जागी घेवडा टोका किंवा पालेभाजी घ्या. आणि गाजर-मुळ्याची रोपं करत बसू नका, हलवताना मूळ दुखावलं की गाजर दुभंगतं. बी थेट वाफ्यात पेरून विरळणी करा.