ठिबक विकणाऱ्याने शेतकऱ्याशी कसे बोलावे

खानदेशात रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात किंवा अमळनेर-शिरपूरकडच्या कपाशीच्या गावांत ठिबकचा संच विकायला जाणाऱ्याकडे शेतकरी आधी संशयानेच पाहतो. हा संशय वाद घालून जात नाही. त्यासाठी बोलण्यात गोडवा आणि मालाविषयी स्पष्टपणा, दोन्ही लागतात.

‘राम राम दादा’ म्हणून बसल्यावर माहितीपत्रक लगेच पिशवीतून काढू नये. केळीची बाग मृगाची (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली) आहे की कांदेबाग (पावसाळा सरताना लावलेली), पाणी विहिरीचे की बोअरचे, मागच्या उन्हाळ्यात उन्हाने किती झाडे गेली, हे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. अहिराणी येत असेल तर जरूर बोलावी, पण पाठ केलेली दोन वाक्ये फेकू नयेत. शिवाय रावेर-यावलकडे लेवा गणबोली जास्त चालते, हे धुळ्याहून येणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही.

त्यानंतर, किंमत सांगण्यापूर्वीच, उणिवा सांगाव्यात: पाणी क्षारयुक्त असेल तर ड्रीपर (नळीवरची थेंब सोडणारी तोंडे) चोंदतात, ती मोकळी करायला अधूनमधून नळ्यांतून ॲसिड द्यावे लागते, फिल्टर धुण्याचा आळस चालत नाही, आणि उंदीर-खारी नळ्या कुरतडतात. मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलँड व सहकाऱ्यांनी अमेरिकी सैनिकांवर केलेल्या, १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधीपासून विरोधी मत असलेल्यांवर दोन्ही बाजू मांडणाऱ्या भाषणाचा परिणाम अधिक दिसला. एकतर्फी भाषण मुळातच अनुकूल असलेल्यांवर चालले. संशयी गिऱ्हाईक पहिल्या गटातले असते.

क्रम मात्र उलटू नये. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरॉन्सन यांच्या १९६६ च्या प्रयोगात हुशार ठरलेला माणूस कॉफी सांडल्यावर अधिक आवडला, तर सामान्य वकुबाचा माणूस त्याच चुकीने आणखी उतरला. म्हणून आधी पाण्याची आणि जमिनीची जाण दिसू द्यावी आणि मग ‘एवढे मला ठाऊक नाही, विचारून सांगतो’ म्हणावे. आल्याआल्या स्वतःला अडाणी म्हणवून घेण्यात नम्रता कमी आणि नाटक जास्त असते.

क्षुल्लक दोष कबूल करून मोठा दोष झाकणारेही याच वाटेने विश्वास मिळवतात, आणि ते फार गोड बोलतात. नळीचा रंग फिका पडतो हे हसत सांगायचे, पण ठिबकचे सरकारी अनुदान मंजुरीवर अवलंबून असते हे गाळायचे, ही कबुली खोटीच. अनुदान किमतीतून आधीच वजा करून दाखवू नये. पूर्ण किंमत, दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत, हे कोटेशनवर लिहून द्यावे आणि त्याच बैठकीत सही मागू नये.