कॉम्प्रेसरचं सिम्युलेशन आणि स्मार्ट मटेरियल: या चुका टाळा

एम.टेक. पीएचडीची मुलं अ‍ॅक्सियल कॉम्प्रेसरच्या (हवा अक्षाच्या दिशेने दाबत नेणाऱ्या मशीनच्या) सिम्युलेशनचे रिझल्ट घेऊन येतात तेव्हा एक प्रश्न हमखास असतो, "सर, सोल्व्हर उडाला, म्हणजे इथेच स्टॉल ना?" (सोल्व्हर म्हणजे फ्लोची समीकरणं सोडवणारं सॉफ्टवेअर, स्टॉल म्हणजे ब्लेडवरून हवा सुटून फ्लो बिघडणं.) नाही रे बाबा! बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडण्याच्या बाजूचा दाब, एकदम ५००० पास्कलने वाढवलंस तर चांगल्या चालणाऱ्या रोटरचा (फिरणाऱ्या ब्लेडच्या चाकाचा) रनसुद्धा उडेल. शेवटी शेवटी १००-२०० पास्कलनेच वाढवायचं, आधीच्या पॉइंटचं सोल्युशन घेऊनच पुढचा रन सुरू करायचा आणि मास फ्लो खरंच घसरत चाललाय का ते बघायचं.

आणि सर्ज म्हणजे तर वेगळंच प्रकरण. स्टॉलचा पट्टा काही ब्लेडपुरता असतो आणि गोल फिरतो, सर्जमध्ये सगळा फ्लोच पुढेमागे होतो, तो पुढच्या पाइपच्या आणि प्लेनमच्या (हवा साठणाऱ्या पोकळीच्या) आकारमानावर ठरतो, संशोधक ग्रीट्झरने १९७६ साली हे मांडलंय. तुमच्या मॉडेलमध्ये प्लेनमच नाही तर सर्ज कुठून येणार? नासाच्या रोटर ३७ ला ३६ ब्लेड आहेत, आपण एकच पॅसेज (दोन ब्लेडमधली वाट) घेतो म्हणजे १० अंशांची फोड, त्यात फिरणारा स्टॉल दिसणारच नाही, तिथे "स्टॉलच्या जवळचा पॉइंट" एवढंच लिहा.

व्हॅलिडेशनला, म्हणजे मोजलेल्या आकड्यांशी सिम्युलेशन पडताळायला, सगळे हाच रोटर ३७ घेतात. स्पीड १७१८८ आरपीएम, टिप क्लिअरन्स (ब्लेडचं टोक आणि केसिंग यांच्यातली फट) ०.३५६ मिलिमीटर. हा आकडा फुल स्पीडचा आहे, हे लक्षात ठेवा. ब्लेड फिरताना ताणलं जातं, केसिंग तापून फुगतं, म्हणून स्वतःच्या रिगवर बंद मशीनमध्ये फीलर गेज घालून मोजलेली फट तशीच मेशमध्ये (सिम्युलेशनच्या जाळीत) टाकली तर टिपवरून गळणारी हवाच चुकते, मग टर्ब्युलन्स मॉडेल बदलत बसायचं, मी स्वतः यात बरेच आठवडे घालवलेत. फटीत जाळीचे सेलही पुरेसे द्या. आणि तुलना करताना दोन्हीकडचा मास फ्लो आपापल्या चोक फ्लोने (त्या स्पीडला जास्तीत जास्त जाऊ शकणाऱ्या फ्लोने) भागून घ्या (मोजलेला चोक २०.९३ किलो प्रति सेकंद).

आता मटेरियल. ही फट चालू मशीनमध्ये कमीजास्त करायला निटिनॉलची (तापवलं की मूळ आकारात परत येणाऱ्या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची) तार लावू, हीटरने तापवू, ही कल्पना मला मनापासून आवडते. पण आधी एक छोटं गणित करा. याच रोटरचं प्रेशर रेशो (बाहेरचा दाब आतल्या दाबाच्या किती पट) २.१०६ आहे, १५ अंशांची हवा आत गेली तर बाहेर येताना साधारण ९३ अंश होते, तीही एकाच स्टेजमध्ये! नेहमीचं निटिनॉल १०० अंशांच्या आतच फेज (आतली रचना) बदलतं, त्यात निकेल ०.१ टक्क्याने हललं तरी ते तापमान दहाएक अंशांनी सरकतं. म्हणजे हीटर लावायच्या आधीच तार ओढून बसणार आणि मशीन चालू असेपर्यंत थंड होऊन परत येणारच नाही. कॅटलॉगमधला आकडा धरू नका, हीट ट्रीटमेंट झालेल्या आपल्याच तुकड्याची डीएससी (फेज कोणत्या तापमानाला बदलतो ते मोजणारी चाचणी) करा, तीही लक्षात ठेवून की भार आला की हे तापमान अजून वर जातं. मागच्या गरम स्टेजसाठी हाफ्नियम घातलेले मिश्रधातू बघा, नासाच्या ग्लेन सेंटरने त्यावर बरंच काम केलंय.

पिझोचंही (व्होल्टेज दिलं की आकार बदलणाऱ्या मटेरियलचंही) तसंच, क्युरी तापमानाच्या, म्हणजे ज्याच्यावर हा गुण जातो त्या तापमानाच्या, निम्म्यापर्यंतच वापरा.